एंटरप्राइझ अकरा सेंटिमीटरमध्ये: लेगोची छोटी अंतराळयानं आखताना

पितळी_अडकित्ता

गेले दीड महिने रात्रीची झाकपाक झाली की मी जेवणाच्या टेबलाशी स्टीलचं ताट घेऊन बसते. ताटात राखाडी तुकडे. सासूबाईंना आधी वाटलं डाळ निवडतेय. आता त्याच चष्मा लावून मला टेबलाखाली गेलेली १×१ प्लेट, म्हणजे एकाच टिकलीचा (जोडायच्या बटणाचा) चपटा तुकडा, शोधून देतात.

बांधतेय ते 'स्टार ट्रेक' मालिकेतलं पहिलं एंटरप्राइझ यान, १९६६चं. तळहातावर मावेल एवढं. दिवाळीतल्या किल्ल्यांच्या धाग्यावर दोन-तीन लेगोवाले सापडले होते, त्यांनी "सविस्तर लिहा" म्हणून मागे लागून हा धागा काढायला लावला. शेवटी माझी एक अडचणही आहे, ती सोडवून द्या.

छोटंच का? लेगोचा तो पिवळ्या तोंडाचा माणूस, मिनिफिग, साधारण ४ सेंटिमीटर उंच. त्याच्या मापाने, म्हणजे ढोबळ १:४२ ने, २८९ मीटरचं एंटरप्राइझ बांधायचं तर जवळजवळ ७ मीटर होतं. स्टार वॉर्समधला स्टार डिस्ट्रॉयर १६०० मीटरचा, तो होतो ३८ मीटर. तीन एसट्या एकीमागे एक लावल्यासारखा. खुद्द कंपनीचा २०१९चा मोठा डिस्ट्रॉयर ४,७८४ तुकड्यांचा आहे, तोसुद्धा या मापाच्या जवळपास जात नाही. उलट २०१०च्या छोट्या 'मिडी-स्केल' डिस्ट्रॉयरमध्ये फक्त ४२३ तुकडे, आणि दारातून बघितला तरी ओळखू येतो. मला या ४२३वाल्यांची वाट आवडते. बँकेत नोकरी करणाऱ्या बाईला परवडतेही तीच.

आता माझी पहिली चूक. मी माप आधी ठरवलं. १:३०००, छान गोल आकडा. सगळ्या अवयवांची मापं वहीत काढली आणि तुकडे शोधायला बसले. यानाची तबकडी १२७ मीटर व्यासाची, म्हणजे १:३००० ला ४२ मि.मी. लेगोत ४२ मि.मी.ची डिश (वाटीसारखा गोल तुकडा) नाहीच. ४×४ची, म्हणजे चार टिकल्या रुंदीची, डिश ३२ मि.मी., ६×६ची ४८. मधलं काही नाही म्हणून मी पाचराच्या प्लेटा जोडून गोल करायला गेले. दोन आठवड्यांनी जे झालं ते धिरडं होतं. तेही तव्याला चिकटलेलं.

मग एका रात्री वही उलटी धरली. यान ओळखू येतं ते कशाने? तबकडीने. मग तबकडी ज्या तुकड्यात आयती मिळते तो तुकडा घ्यायचा आणि माप त्याला ठरवू द्यायचं.

४×४ची डिश घेतली तर माप येतं साधारण १:४०००. इंजिनाच्या दोन लांब नळ्या आहेत ना, नॅसेल, त्या मूळ आराखड्यात १५४ मीटर लांब आणि १८ मीटर जाड. १:४००० ला जाडी साडेचार मि.मी. लेगोची दांडी ३.२ मि.मी.ची, गोल १×१ वीट ८ची. साडेचारच्या आसपास फक्त लेगोच्या टेक्निक संचांतला अ‍ॅक्सल, आणि त्याला पकडायला जे तुकडे लागतात ते त्याच्यापेक्षा जाडे. सोडून दिलं.

६×६ची डिश घेतली तर माप १:२६५०. नॅसेलची लांबी ५८ मि.मी., जाडी ७. गोल १×१ विटेची उंची ९.६ मि.मी. सहा विटा एकावर एक रचल्या की ५७.६! खालचा फुगीर भाग, ज्याच्या तोंडाशी ती तांब्याच्या रंगाची थाळी असते, तो १०४ मीटर, म्हणजे ३९ मि.मी. २×२च्या चार गोल विटा: ३८.४. मी रात्री पावणेबाराला टेबलावर हात आपटला आणि मुलगा उठला.

(जाडीत तो भाग १३ मि.मी. हवा, माझा १६ आहे. थोडं पोट सुटलंय. साठीच्या आसपास आमच्या घरात कुणाचं सुटत नाही?)

अख्खं यान आलं १०९ मि.मी. यातलं काही मी ठरवलेलं नाही, डिशने ठरवलंय.

एक गंमत सांगायची राहिली. लेगोच्या या डिशची फुगीर बाजू ही खालची बाजू असते, टिकल्या खोलगट भागात. तबकडी म्हणून तिला पालथी घातली की टिकल्या जमिनीकडे. म्हणून मी सगळं यान उलटं बांधते: टेबलावर डिश वाटीसारखी ठेवायची, वाटीत मान उभी करायची, मानेवर पोट. पूर्ण झालं की पालथं करायचं. वरचा पूल, म्हणजे कॅप्टन बसतो तो टेंगूळ, मात्र डिशच्या बुडातल्या भोकात खालून टिकली खुपसून बसवावा लागतो. पहिल्यांदा हे सगळं डोक्यात उलटसुलट करताना मला लहानपणची उलट्या टाक्यांची वीण आठवली.

आता अडचण. नॅसेल पोटाला जोडलेल्या आहेत त्या दोन तिरक्या खांबांनी. मी नॅसेलच्या मध्यात एका विटेऐवजी तीन प्लेटा घातल्या, त्यातली मधली बाजूला दांडी असलेली १×१ गोल प्लेट. ती दांडी म्हणजे खांब. पोटाच्या पाठीवर दोन बाजूंना कललेल्या बिजागऱ्या, त्यांवर क्लिपा, क्लिपेत दांडी. दिसतं झकास. पण नॅसेल दांडीभोवती फिरते. संध्याकाळी सरळ ठेवलेल्या, सकाळी बघावं तर एकीचं नाक वर, एकीचं खाली. सी-सॉ. डिंक मला नको आहे. उपाय?

उंबरठा

वा ताई, पहिल्यांदाच इथे कुणी हिशेबासकट लिहिलं! वाचनखूण साठवली आहे. पण फोटो कुठाय? फोटोशिवाय ही पाककृती अपूर्ण.

डिंक नको हे बरोबर. डिंक लावला की ते प्लास्टिकचं शोपीस झालं.

कोल्हापुरी_रॉकेट

उघड्या टिकल्या ठेवल्यात की टाईल लावून झाकल्यात? मला टिकल्या दिसल्याशिवाय लेगो वाटतच नाही बघा. सगळं गुळगुळीत केलं की मग थ्रीडी प्रिंटच काढा की राव.

पितळी_अडकित्ता

@कोल्हापुरी_रॉकेट, हिशेब करून बघा. टिकलीचा व्यास ४.८ मि.मी. माझ्या मापात ती होते पावणेतेरा मीटर रुंद. यानाच्या पाठीवर इमारतीएवढ्या रुंद पाण्याच्या टाक्या दिसतील. स्टार वॉर्सचं एक्स-विंग हे छोटं लढाऊ यान १२.५ मीटरचं आहे, म्हणजे माझ्या मापात अख्खं एक्स-विंग एका टिकलीएवढं. मोठ्या मॉडेलवर टिकली म्हणजे पोत. छोट्यावर ती इमारत होते.

तरी मागच्या बाजूला दोन ठेवल्यात. तुमच्यासाठी.

कोल्हापुरी_रॉकेट

अख्खं एक्स-विंग एका टिकलीत! ठेवतो आता एक टिकली पांढऱ्या कागदावर आणि घरच्यांना सांगतो मॉडेल झालं.

रेघोट्या

टिकल्यांच्या वादात दोघंही बरोबर आहेत, कारण यानं दोन जातीची आहेत. एंटरप्राइझचा मूळ आराखडाच गुळगुळीत. ते बांधायचं तर टाईल, डिश, गोल विटा. स्टार वॉर्सची यानं खरखरीत, कारण तिथल्या मॉडेलवाल्यांनी बाजारातल्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या प्लास्टिक किटांमधले सुटे भाग उचलून यानांवर चिकटवले होते. चाकं, झाकणं, नळ्या, काहीही. त्या खवल्याखुंट्यांना 'ग्रीबल' म्हणतात. म्हणजे ती यानंही एका अर्थी तयार तुकड्यांतूनच जन्मली. लेगोवाल्याला तिथे मोकळं रान. जाळीची टाईल, नळाचा तुकडा, मिनिफिगची दुर्बीण, रोलर स्केट, सगळं खपतं.

पण छोट्या मापात ग्रीबल मीठासारखा घालायचा. मी एकदा १२ सेंटिमीटरच्या डिस्ट्रॉयरच्या कडेला इतक्या जाळ्या लावल्या की तो रेडिएटर दिसायला लागला. आता नियम केलाय, फक्त जिथे दोन पाती मिळतात त्या फटीत. वरचं पातं कोरं. कोरं असलं की डोळा त्याला मोठं समजतो. हे शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी डोंगराबद्दल सांगितलेलं. जवळच्या झाडाला पानं काढ, लांबच्या डोंगराला नुसती रेघ.

डिस्ट्रॉयरबद्दल एक सांगतो, कुणी करणार असेल तर. पाचराच्या प्लेटा डाव्या-उजव्या जोडीने मिळतात. वरची दोन पाती बिजागरीने तिरकी करायची, मध्ये रेघ उरते ती उरू द्यायची. ती फट बुजवायला मी महिना घालवला, आणि मग लक्षात आलं की दोन फुटांवरून ती दिसतच नाही.

भाजणी

मी धागा उघडला तो 'छोटी यानं' बघून, वाटलं इस्रोचं काहीतरी आहे. 😄 पण वाचत गेले. आमच्याकडे दिवाळीत किल्ल्यावर महाराज बुरुजापेक्षा मोठे आणि मावळा दरवाजातून आत जाऊच शकत नाही, हे प्रत्येक वर्षी होतं. माझा नवरा म्हणतो माप चुकलं. मी म्हणते महाराज मोठेच दिसले पाहिजेत. पितळी ताईंच्या भाषेत सांगायचं तर किल्ला महाराजांनी ठरवायला हवा होता, बाजारातून महाराज आधी आणून.

पितळी_अडकित्ता

@भाजणी, एवढं सगळं लिहून मला जे सांगता आलं नाही ते तुम्ही दोन ओळीत सांगितलंत.

शून्य_गुरुत्व

माझा विरोध नोंदवतो. माप तुकड्याने ठरवलं की प्रत्येक यानाचं माप वेगळं. मग शेजारी ठेवून तुलना कशी करणार? माझ्या कपाटात एक फळी आहे, सगळं एकाच मापात. मोठं यान मोठं, छोटं छोटं. त्यातच मजा आहे. तुमच्या १:२६५० ला स्टार डिस्ट्रॉयर ६० सेंटिमीटरचा होईल आणि त्याच्या शेजारी तुमचं ११ सेंटिमीटरचं एंटरप्राइझ. तेव्हा खरी भीती वाटते डिस्ट्रॉयरची.

मान्य आहे की काही यानं त्यात मरतात. माझ्या फळीवर छोटी लढाऊ विमानं म्हणजे चार-पाच १×१ प्लेटांचे ठिपके आहेत. पाहुण्यांना बोट दाखवून सांगावं लागतं.

रेघोट्या

बोट दाखवून सांगावं लागतं, तिथेच मॉडेल हरलं, साहेब.

शून्य_गुरुत्व

हरलं तर हरलं. ताफा जिंकला.

नॅसेलच्या प्रश्नाकडे येतो. एक दांडी एका क्लिपेत असली की ती फिरणारच, तिथे अक्ष तयार होतो. दोन दांड्या दोन क्लिपांत घाला, समांतर. मग फिरायला जागाच नाही. बाजूबाजूच्या टिकल्यांवर दोन क्लिपा लावा, काम झालं.

पितळी_अडकित्ता

काल रात्री करून पाहिलं. बसत नाही! 😩 क्लिपा शेजारशेजारच्या टिकल्यांवर, म्हणजे ८ मि.मी. अंतरावर. नॅसेल मात्र आडवी रचलेली आहे, तिची लांबी प्लेटांच्या उंचीत मोजली जाते. दोन प्लेटांचं अंतर ६.४, तीनचं ९.६. आठ कुठेच येत नाही. जोर लावून बसवलं तर नॅसेल केळ्यासारखी वाकते. प्लास्टिकवर पांढरी रेघ उमटली, लगेच काढलं.

लांबचा_मामा

अवांतर: पुण्यात सुटे तुकडे कुठून मिळवता? मी जर्मनीत असतो. इथल्या दुकानात भिंतीला डबे लावलेले असतात, एक पेला घ्यायचा आणि तो भरून आणायचा, भाव पेल्याचा. माझा भाचा सांगलीत आहे, त्याने यादी पाठवली की मी पेला भरतो. गोल विटा पेल्यात कशा रचायच्या की जास्त बसतील, यावर माझा स्वतंत्र अभ्यास झालाय. गेल्या खेपेला विमानतळावर बॅग उघडायला लावली. अधिकाऱ्याने दोन किलो राखाडी तुकडे बघितले, माझ्याकडे बघितलं, माझ्या टकलाकडे बघितलं, आणि चेन लावून दिली.

उंबरठा

@मामा, नशीबवान भाचा. इकडे खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के झालं, २०२३ला ७०. सुटे तुकडे बाहेरून मागवले की तुकड्यांपेक्षा वाहतूक आणि कर जड. म्हणून आम्ही जुने संच शोधतो. कुणाचं पोर कॉलेजला गेलं की माळ्यावरचा डबा आमचा. एक सावधगिरी मात्र: लेगोने २००४च्या सुमाराला राखाडी रंग बदलला. जुना जरा पिवळट, नवा निळसर. दिव्याखाली सारखे दिसतात, उन्हात नेलं की यान ठिगळांचं.

पितळी_अडकित्ता

अगदी हेच झालंय माझं! चुलतभावाच्या डब्यातून आलेल्या सहा गोल विटांपैकी दोन जुन्या निघाल्या. गच्चीत फोटो काढायला नेलं तेव्हा कळलं. उजव्या नॅसेलला कावीळ. म्हणून अजून फोटो नाही, @उंबरठा.

रेघोट्या

कागदावर हिशेब करता की स्टुडिओ वापरता? ब्रिकलिंकचं स्टुडिओ, संगणकावर लेगो रचायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. तुकडे एकमेकांत घुसले तर ते सांगतं, तुमची केळ्यासारखी नॅसेल आधीच लाल दाखवली असती. आणि एखादा तुकडा त्या रंगात कधी निघालाच नसेल तर तेही सांगतं. मी एकदा सगळं यान गडद लाल रंगात आखलं, यादी काढली, आणि त्यातले नऊ तुकडे त्या रंगात जगात नाहीत.

फक्त स्टुडिओत गुरुत्वाकर्षण जाणवत नाही. पडद्यावर सगळंच तरंगतं. माझं पहिलं यान पडद्यावर दोन महिने दिमाखात उभं होतं. हातात घेतलं तसं मानेतून मोडलं.

शून्य_गुरुत्व

ताई, माफी. तुमची नॅसेल आडवी आहे हे मी लक्षातच घेतलं नाही. आता नीट सांगतो.

लेगोची सगळी मापं एका बारीक एककात मोजायची. एलड्रॉ नावाची जुनी प्रणाली आहे, १९९५ची, संगणकावर लेगो रचायला. तिच्यात एक एकक म्हणजे ०.४ मि.मी. टिकली ते टिकली २० एकक. प्लेटची उंची ८. विटेची २४. आता ८चा पाढा म्हणा आणि २०च्या पाढ्यात तो कुठे भेटतो बघा: ८, १६, २४, ३२, ४०. चाळीस! पाच प्लेटा म्हणजे दोन टिकल्या. त्याआधी कुठेही भेटत नाही, म्हणून तुमचं ८ मि.मी. जमलं नाही.

तेव्हा क्लिपा शेजारी नकोत, एक टिकली सोडून. बिजागरीवर १×३ची प्लेट, तिच्या दोन टोकांना क्लिपा. आणि नॅसेलमध्ये दोन दांडीवाल्या प्लेटा पाच प्लेटांच्या अंतरावर. रचना अशी: दोन विटा, दांडीची प्लेट, एक वीट, एक साधी प्लेट, दांडीची प्लेट, दोन विटा. प्लेटांत मोजा: ६, १, ३, १, १, ६. अठरा. तुमच्या सहा विटाही अठराच होत्या. लांबी एक केसभर बदलणार नाही.

भाजणी

पाढे म्हणून नॅसेल! हे मी मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे लसावि." मी चाट. परीक्षेत लसाविचं गणित सोडून आला होता.

कोल्हापुरी_रॉकेट

आता मला पण एक बांधायचं आहे. पहिलं कुठलं घ्यावं? सोपं सांगा. आणि ताफाबिफा नको.

रेघोट्या

'२००१: अ स्पेस ओडिसी'मधलं डिस्कव्हरी घ्या. पुढे गोळा, मग लांबलचक कणा, मागे इंजिन. सिनेमाच्या चित्रीकरणासाठीचं मोठं मॉडेलच ५४ फुटी होतं, कारण त्यात लांबी हीच गोष्ट आहे. तुम्हाला लागेल एक गोळा होईल असं काहीतरी आणि कण्यासाठी १×१ प्लेटांची माळ. गोळा जेवढा मिळेल तेवढा, मग कणा त्याच्या हिशेबाने. पितळी ताईंचा कायदा.

शून्य_गुरुत्व

कणा वाकेल. आतून एक लांब दांडी घाला. आणि स्टँड आधी बांधा, यान नंतर.

कोल्हापुरी_रॉकेट

स्टँड काळा का पांढरा?

शून्य_गुरुत्व

काळा. आता यावर वाद नको.

लांबचा_मामा

@पितळी_अडकित्ता, दांडीच्या गोल प्लेटा किती हव्यात? उद्या दुकानाकडे जाणार आहे. नव्या राखाडीतल्या गोल विटाही आणतो, कावीळ बरी होईल. भाचा गणपतीत पुण्याला येतो, त्याच्या हातून पाठवतो.

पितळी_अडकित्ता

मामा, किती आभार मानू! दांडीच्या चार (दोन माझ्याकडे आहेत, पण एकीवर ती पांढरी रेघ आली), गोल विटा दोन. जास्त आणलेत तर परत पाठवणार नाही हे आत्ताच सांगते.

काल माझ्याकडे असलेल्या दोन दांड्या वापरून उजव्या नॅसेलला @शून्य_गुरुत्व यांची रचना करून पाहिली. "टक्" असा आवाज झाला, दोन्ही क्लिपांचा एकदमच. रात्रभर टेबलावर ठेवली. सकाळी सासूबाई चहा घेऊन आधी तिथेच गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "उजवी सरळ आहे गं! डावी पुन्हा झोपलीय!"

उंबरठा

फोटो!!!

पितळी_अडकित्ता

गणपतीनंतर. दोन्ही नॅसेल एका रंगाच्या झाल्या की.